मल्लिकबाजारात दोन दिवस आणि एक स्टिअरिंग

कोलकात्याला जाणारी बहुतेक मराठी कुटुंबं व्हिक्टोरिया मेमोरियल, हावडा ब्रिज, दक्षिणेश्वर, बेलूर मठ पाहतात, कालीघाटाला दर्शन घेतात आणि रसगुल्ल्याचे डबे घेऊन परततात. पार्क स्ट्रीटवरही जातात, पण ज्या टोकाला केकची दुकानं आणि दिव्यांच्या माळा आहेत तिथपर्यंतच. त्याच रस्त्यानं पूर्वेकडे चालत राहिलात तर उजव्या हाताला 1767 मध्ये सुरू झालेली जुनी इंग्रज दफनभूमी लागते आणि तिच्यापुढे थोड्याच अंतरावर आचार्य जगदीशचंद्र बोस रोड आडवा येतो. हा चौक म्हणजे मल्लिकबाजार. इथं गाड्या सुट्या होऊन विकायला ठेवलेल्या असतात. दुकानांच्या कपाळावर दरवाजे टांगलेले, फूटपाथवर हेडलाइटच्या कड्या मांडलेल्या, एखाद्या गल्लीच्या तोंडाशी सीट एकावर एक रचलेल्या. थिनरचा वास, शेजारच्या हॉटेलातल्या बिर्याणीचा वास आणि ट्रॅफिकचा धूर असं सगळं एकदमच नाकात शिरतं.

कुटुंबाला घेऊन फिरायला जाण्याची ही जागा आहे का, असं तुम्ही विचाराल. आमच्या घरी अँबेसेडर नसती, तर मीही विचारलं असतं.

आमची गाडी 1984 सालची, मार्क 4. सासऱ्यांनी नागपुरात नवी घेतलेली आणि आजवर दुसऱ्या कुणाच्या नावावर न गेलेली. इंजिनाचं काम दोनदा झालं, पत्रा एकदा बदलला, सीटची कव्हरं किती वेळा शिवली त्याची मोजदाद नाही. या सगळ्याला माणसं मिळतात. जुन्या गाडीत खरं रडवतं ते प्लॅस्टिक. लोखंड गंजतं, पण त्याला वेल्डिंग आहे. रबर कडक होतं, पण ते नवं मिळतं. गाडीच्या आतलं प्लॅस्टिक मात्र बाहेर काहीही कुरबुर न करता आतून वाळत जातं आणि एक दिवस हातातच तुटतं.

आमच्याकडे आधी मीटरभोवतीच्या काळ्या चौकटीचे स्क्रूचे कान तुटले, मग छतातल्या दिव्याचं दुधी झाकण तडकलं. शेवटी स्टिअरिंगला तीन ठिकाणी चिरा पडल्या, जिथं मधल्या दांड्या बाहेरच्या गोलाला मिळतात नेमक्या तिथंच. नागपुरातल्या एका गॅरेजवाल्यानं त्यावर काळी टेप गुंडाळून दिली. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळून हाताला लागू लागला, तेव्हा सासऱ्यांनी ती ओढून काढली आणि चिरेच्या धारेनं त्यांचं बोट कापलं.

सासरे आता 81 वर्षांचे आहेत. गाडी चालवत नाहीत, पण रोज सकाळी अंगणात जाऊन ती चालू करतात आणि दहा मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून बसतात. नवऱ्यानं सुचवलं, ‘‘बाबा, नवीन स्टिअरिंग टाकू या, बाजारात मिळतं तसं.’’ त्यावर ते एवढंच म्हणाले, ‘‘टाका. मग ती गाडी तुम्ही चालू करत जा.’’

म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं गीतांजली एक्स्प्रेसनं हावड्याला निघालो. बरोबर कपड्यांची एक बॅग होती आणि दुसऱ्या बॅगेत चादरीत गुंडाळलेलं स्टिअरिंग. ते काढण्याआधी नवऱ्यानं खांबावर आणि स्टिअरिंगच्या मधल्या भागावर खडूनं जुळणारी खूण केली होती. परत बसवताना चाकं सरळ आणि स्टिअरिंग वाकडं, अशी गंमत होऊ नये म्हणून हे करायचंच. हावड्याला स्कॅनरवर बसलेल्या पोलिसानं पडद्याकडे पाहून विचारलं, ‘‘गाडी कुठं आहे?’’

नागपूर सोडून एवढ्या लांब का, तर अँबेसेडर या गावची आहे. हिंदुस्तान मोटर्सचा कारखाना 1948 पासून इथून जवळच उत्तरपाड्याला होता. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ही गाडी 1957 पासून तिथं बनत होती आणि मे 2014 मध्ये काम थांबलं तेव्हा ती बनायची थांबली. 2017 मध्ये तर अँबेसेडर हे नावसुद्धा 80 कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडे गेलं. कारखाना थांबला की साचेही थांबतात. पत्र्याचा भाग कुशल कारागीर ठोकून घडवू शकतो. प्लॅस्टिकचा भाग साच्याशिवाय जन्माला येत नाही. त्यामुळे आज जे मूळचं प्लॅस्टिक शिल्लक आहे, तेवढंच आहे. ते दुरुस्त करायचं किंवा दुसऱ्या मेलेल्या गाडीतून काढायचं.

मेलेल्या गाड्या सध्या मल्लिकबाजारात भरपूर येतात. कोलकात्यात टॅक्सींना 15 वर्षांची मर्यादा आहे आणि पिवळ्या अँबेसेडर एकेक करून मोडीत निघतायत. शेवटच्या गाड्या 2014 च्या, म्हणजे 2029 च्या आसपास हा झराही आटणार. दुकानदारांना हे पक्कं ठाऊक आहे. चांगल्या स्थितीतली मीटरची चौकट त्यांच्यातला कुणीही समोर मांडून ठेवत नाही. ती आतल्या माळ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली असते. आधी तुमच्याशी पाच मिनिटं बोलणं होतं, मग ती खाली उतरते.

तीन दुकानांत आम्हाला नवी, चकचकीत नकली स्टिअरिंग दाखवली गेली. हाताला पोकळ आणि हलकी लागत होती. चौथ्या ठिकाणी दुकानदारानं आमची चादर उलगडली, चिरांवरून नख फिरवलं आणि म्हणाला, ‘‘हे विकायचं काम नाही, उस्तादांचं आहे.’’ एका पोऱ्याला बरोबर देऊन त्यानं आम्हाला मागच्या गल्लीत पाठवलं.

उस्ताद साठीचे असतील. जिन्याखाली चार फूट बाय सहा फूट जागा, एक बल्ब, एक टेबलफॅन. भिंतीवर खिळ्यांना स्टिअरिंगच स्टिअरिंग लटकलेली. हिंदी बोलत होते, मध्येच बंगाली. मला ‘भाभीजी’ म्हणून त्यांनी प्लॅस्टिकचं स्टूल पुढे केलं. माझ्याकडून वजन घेताना ते स्टूलही करकरलं, कारण त्याचा एक पाय त्यांनीच जोडलेला होता.

त्यांनी स्टिअरिंग उजेडात धरलं आणि विचारलं, ‘‘गाडी कुठल्या गावची? खूप ऊन असतं तिथं?’’ नागपूर म्हटल्यावर ते हसले. कोलकात्याच्या स्टिअरिंगमध्ये चिरेतून पाणी जातं आणि आतली सळई गंजून फुगते. तुमच्या स्टिअरिंगमध्ये गंज थोडा आहे, वाळणं जास्त आहे, असं त्यांचं निदान. कारण समजून घेण्यासारखं आहे. स्टिअरिंगच्या आत लोखंडी सळईचा गोल असतो आणि त्यावर कडक प्लॅस्टिक ओतलेलं असतं. उन्हात प्लॅस्टिक लोखंडापेक्षा कितीतरी पटीनं जास्त प्रसरण पावतं, रात्री तेवढंच आकसतं. काचा बंद करून उन्हात ठेवलेल्या गाडीत समोरच्या भागाचं तापमान 70 अंशांच्या पुढे जातं. विदर्भातले चाळीस उन्हाळे म्हणजे ही ओढाताण किती हजार वेळा झाली ते मोजा. त्यात उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लॅस्टिकचा चिवटपणा कमी होत जातो. मग दांडी जिथं गोलाला मिळते, म्हणजे जिथं त्याला मोकळं हलता येत नाही, तिथं ते फाटतं.

दुरुस्तीआधी त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तीनही चिरा त्यांनी दोन्ही हातांनी ताणून पाहिल्या, मधला भाग आणि दांड्या भिंगातून तपासल्या, गोल धरून पिळून पाहिला. ‘‘आतलं लोखंड शाबूत असेल तरच मी हात लावतो,’’ ते म्हणाले. ‘‘लोखंड तडकलं असेल तर कितीही पैसे द्या, भिंतीवर लावायला करून देईन, गाडीला नाही.’’ स्टिअरिंगचं बळ सळईत असतं, प्लॅस्टिक हे केवळ तिच्यावरचं मांस. ज्याला हा फरक कळत नाही त्याच्याकडे स्टिअरिंग देऊ नये, मग तो कितीही स्वस्तात करून देवो.

मग काम सुरू झालं. आधी साबणाच्या पाण्यानं धुणं, कारण चाळीस वर्षांचा घाम आणि तेल अंगात मुरलेलं असतं आणि तेलावर काहीही चिकटत नाही. त्यानंतर त्यांनी हॅक्सॉचं पातं घेतलं आणि चीर चक्क मोठी केली! माझ्या नवऱ्याचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. केसाएवढी चीर वरून बुजवली तर ती पंधरा दिवसांत पुन्हा उघडते, म्हणून तिला इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात थेट सळईपर्यंत रुंद करायचं. आतला गंज तारेच्या ब्रशनं खरवडायचा, सळईला रेडऑक्साइडचा पातळ हात द्यायचा, तो वाळला की दोन ट्यूबमधलं एपॉक्सी समप्रमाणात कालवून, खाच ठासून भरायची. भरताना ती कडेपेक्षा थोडी उंचच ठेवायची. नंतर घासून खाली आणता येतं, कमी पडलेलं वर आणता येत नाही. हे सगळं करायला त्यांना दीड तास लागला. मग म्हणाले, ‘‘आता रात्रभर हिला झोपू द्या. तुम्ही उद्या संध्याकाळी या.’’

मीटरची चौकट त्यांनी वेगळ्या पद्धतीनं हाताळली, आणि ही गोष्ट तुम्हाला घरच्या मिक्सरच्या झाकणापासून मुलांच्या खेळण्यांपर्यंत कुठंही उपयोगी पडेल. प्लॅस्टिक हे एकाच जातीचं नसतं आणि सगळ्यांना एकच गोंद चालत नाही. चौकटीच्या मागच्या, न दिसणाऱ्या कडेला त्यांनी ॲसिटोनचा एक थेंब लावला. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बरेचदा हेच असतं. क्षणात ती जागा चिकट झाली, म्हणजे हे एबीएस जातीचं कडक प्लॅस्टिक. मग दुसऱ्या एका भंगार चौकटीचे तुकडे चाकूनं किसून त्यांनी काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये टाकले. थोड्या वेळानं त्याची काळी लापशी झाली. तुटलेल्या कानाच्या जागी तारेच्या जाळीचा बारीक तुकडा सोल्डरिंगच्या गरम टोकानं रुतवून बसवला आणि त्यावर ही लापशी थापली. ॲसिटोन उडून जातं, मागे उरतं ते तेच प्लॅस्टिक. जोड चिकटवलेला नसतो, एकजीव झालेला असतो. पण तो पूर्ण टणक व्हायला एक दिवस तरी द्यावा लागतो आणि उतावळी माणसं इथंच त्याच्यात स्क्रू घालून तो पुन्हा तोडतात.

हीच युक्ती नंतरच्या काळातल्या पुष्कळ गाड्यांच्या भागांना चालत नाही, कारण त्यांत पॉलिप्रोपिलीन वापरलेलं असतं. त्यावर ॲसिटोनचा परिणाम होत नाही आणि साधे गोंद त्याला धरत नाहीत. उस्तादांची ओळखायची रीत सोपी. एक तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकायचा. तरंगला तर पॉलिप्रोपिलीनच्या घराण्यातला, त्याला त्याच जातीची प्लॅस्टिकची कांडी वितळवून वेल्डिंगच करावं लागतं. बुडाला तर बहुधा एबीएस. बऱ्याच नव्या भागांच्या मागच्या बाजूला तर जातीचं नावच कोरलेलं असतं, आपण उलटून पाहत नाही इतकंच. आणि जो काही प्रयोग कराल तो खिडक्या उघडून, गॅसच्या शेगडीपासून लांब करा. ॲसिटोन भडकन पेट घेतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वेळ होता. सकाळी आम्ही हावड्याहून बर्धमानच्या बाजूची लोकल धरली. लिलुआ, बेलूर, बाली, उत्तरपाडा आणि मग स्टेशनच्या पाटीवर चक्क ‘हिंदमोटर’. एखाद्या गाडीच्या कारखान्यावरून रेल्वे स्टेशनचं नाव पडावं आणि कारखाना थांबल्यावरही ते नाव रोज हजारो लोकांनी तिकीट मागताना उच्चारावं, हे मला फार विलक्षण वाटलं. कारखान्याच्या बाजूला पाहण्यासारखं असं काही नाही. लांबच लांब भिंत, आतून बाहेर डोकावणारी झाडं, शांतता. नवऱ्यानं भिंतीपाशी उभं राहून सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘फोन जरा डावीकडे फिरव,’’ आणि नंतर, ‘‘असू दे.’’

परतताना दुपार दफनभूमीत घालवली, मल्लिकबाजारला लागूनच आहे म्हणून. संस्कृतचा अभ्यास करणाऱ्या आणि एशियाटिक सोसायटी स्थापन करणाऱ्या सर विल्यम जोन्स यांची उंच निमुळती समाधी इथं आहे, कवी डेरोझिओही इथंच आहे. झाडी इतकी दाट की पार्क स्ट्रीटचा गोंगाट आत येतच नाही. मुलं बरोबर असतील तर तासभर सहज जातो. नंतर बिर्याणी खा, कोलकात्याची, बटाटा घातलेली. मटणापेक्षा त्या बटाट्यासाठी भांडणं होतात ती का, हे पहिल्या घासाला कळतं.

पाचला आम्ही उस्तादांच्या जिन्याखाली पोचलो. एपॉक्सी दगडासारखं झालं होतं. आता घासकाम. आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220, मग 400 पाण्याबरोबर. हे वाचायला एक ओळ लागली, करायला दोन तास लागले. गोल वस्तू सपाट लाकडी ठोकळ्यावर पेपर लावून घासली तर ती जागोजागी चपटी होते, म्हणून ते सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीवर पेपर धरून, बूट पॉलिश करावा तसे दोन्ही हातांनी ओढत होते. मधूनच डोळे मिटून बोटं फिरवायचे. चूक डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते, असं त्यांचं म्हणणं. एका ठिकाणी बारीक छिद्र सापडलं, ते पुन्हा भरलं, पुन्हा थांबलो, पुन्हा घासलं.

मग ते थांबले. गोलाच्या वरच्या उजव्या बाजूला, घड्याळात दोन वाजतात तिथं, त्यांचं बोट अडलं होतं. तिथं एक खोलगट जागा होती, तीळभर खोल, अंगठ्याच्या लांबीची. ‘‘इथं चीर नाही. झीज आहे. रंगानंतर डोळ्याला खटकेल. लांबी भरून सपाट करू?’’

नवऱ्यानं त्या जागेवर स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. बसेना. त्याचा अंगठा मोठा आहे. त्यानं पुन्हा फोन लावला आणि विचारलं, ‘‘बाबा, उजव्या हाताला अंगठ्याजवळ खड्डा पडलाय, तो भरू का?’’ फोन स्पीकरवर होता. सासऱ्यांनी विचारलं, ‘‘आणखी कुणाच्या स्टिअरिंगला आहे का तसा?’’ उस्तादांना मराठी येत नव्हतं, पण भिंतीवरच्या खिळ्यांकडे हात करून नवऱ्यानं त्यांना प्रश्न समजावला. ते म्हणाले, ‘‘टॅक्सीवाल्यांच्या सगळ्यांना असतो. पण प्रत्येकाचा वेगळ्या जागी.’’ आणि त्यांनी प्रायमरचा डबा उघडला. खड्डा तसाच राहिला.

प्रायमरवर काळ्या रंगाचे तीन हात, हार्डनर घातलेला रंग, म्हणजे हाताच्या घामानं सुटत नाही. चौकटीसह सगळ्याचे त्यांनी 1800 रुपये घेतले. इतक्या तासांच्या कामाचे हे पैसे मला कमी वाटले, नवऱ्यानं 2000 दिले आणि सुटे परत घेतले नाहीत. हाताखाली कुणी शिकतंय का, असं मी विचारलं. एक भाचा होता, म्हणाले, आता तो मोबाइलचे स्क्रीन बदलतो. त्यात वाट पाहावी लागत नाही, ग्राहक समोर उभा असतानाच काम संपतं.

रंग वरून तासाभरात वाळतो, पण आतून पक्का व्हायला आठवडा लागतो. त्यामुळे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायचं नाही, वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही, कशालाही टेकवायचं नाही. उस्तादांनी मधल्या भागातून दोरी ओवून दिली आणि परतीच्या गाडीत वरच्या बर्थच्या साखळीला ते लोंबकळत आलं. टाटानगरला चढलेल्या एका कुटुंबातला छोटा मुलगा राउरकेलापर्यंत खाली उभा राहून गाडी चालवत होता.

आठ दिवसांनी खडूच्या खुणा जुळवून नवऱ्यानं ते बसवलं, नट आवळला, हॉर्न जोडला. सासरे आत बसले. दोन्ही हात दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवले, उजवा अंगठा जरा सरकवला आणि थांबवला. गाडी चालू केली. दहा मिनिटं झाली तरी ते उतरेनात, म्हणून मी चहा तिथंच नेऊन दिला. कप हातात घेऊन त्यांनी छताकडे पाहिलं.

‘‘आणि दिव्याचं झाकण?’’

ते संपूर्ण मल्लिकबाजारात मिळालं नाही. एक दुकानदार माळ्यावर पाहून फोन करतो म्हणालाय.